“घरचंच काम आहे, ताई, जरा कमी करा”

ताई, नमस्कार.

मी सांगलीत राहते. वय २७. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात एका कंपनीत होते. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी आले आणि मग इथेच राहिले. गेली तीन वर्षं घरून वेबसाइटची कामं करते. साइट बनवायचं वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवायचं वूकॉमर्स चांगलं येतं, पीएचपी कोड स्वतः लिहिते, थोडंफार रिअॅक्ट शिकले आहे. डॉक्टर, क्लासवाले, हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, एक पतसंस्था असे वीसेक क्लायंट झालेत. पाच पानांच्या साइटला बारा हजार घेते, त्यातच पहिल्या वर्षाचं डोमेन-होस्टिंग (साइटचा पत्ता आणि जागा) देते. दुकानाची साइट असेल तर पंचवीस. शिवाय पुण्याच्या एका एजन्सीचं काम तासाला ३५० रुपयांनी करते, पण ते पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाहीत.

दिवसभर मान वर करायला फुरसत नसते आणि महिन्याकाठी हातात पंचवीस-तीस हजार पडतात. दर वाढवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. परवा एका क्लासवाल्या सरांना पंधरा सांगितले तर म्हणाले, “घरचंच काम आहे, ताई, जरा कमी करा. पुतण्या म्हणतो एआयवर फुकटात होतं.” मी बारालाच हो म्हणून आले. जुने क्लायंट टिकलेत ते सगळ्यांचं डोमेन माझ्या खात्यावर आहे म्हणूनच, असं मला वाटतं.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांची साइट मी केली आहे. दिवाळीत गिफ्ट बॉक्सच्या वेळी लोकांचे यूपीआयने पैसे कटत होते आणि ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’ दाखवत होती. ते एका रात्रीत बसून नीट करून दिलं. अशी कामं सारखी निघतात, त्याचे पैसे मागायला कसंसंच होतं.

बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू? दर वाढवायचा तर किती आणि कसा? फ्रीलान्स कामं मिळतात त्या अपवर्क साइटवर जाऊ का? कर्ज काढून मॅकबुक घेऊ का? मला अगंतुगं म्हटलंत तरी चालेल.

– एक वाचक, सांगली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला तासगावचा किस्सा तू दोन ओळींत उरकलास. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

त्या रात्री तू नेमकं काय केलंस ते जरा बघू. गिऱ्हाईक मोबाइलवर साइट उघडतं, बॉक्स निवडतं, यूपीआय दाबतं. ब्राउझरमधून ते पेमेंटच्या अॅपमध्ये जातं, पिन टाकतं, पैसे कटतात. पैसे कटल्याचा मेसेज आला की पुष्कळ माणसं तिथूनच फोन खिशात टाकतात. ती साइटच्या पानावर परत येतच नाहीत आणि साइटला पैसे मिळाल्याचं कळतच नाही. त्यासाठी पेमेंट गेटवेच्या, म्हणजे साइटसाठी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, सर्व्हरने साइटच्या सर्व्हरला परस्पर निरोप द्यायचा असतो, तो वेबहुक बसवलेला नव्हता किंवा बंद पडला होता. वूकॉमर्समध्ये स्टॉक सांभाळायची सोय चालू असेल, तर अशी पेंडिंग ऑर्डर मूळ सेटिंगप्रमाणे साठ मिनिटांनी रद्दही होते. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे गेले, ऑर्डर रद्द झाली, बॉक्स निघालाच नाही, आणि दिवाळी चार दिवसांवर.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने बघ. बॉक्स हजार रुपयांचा धर. दिवसाला दहा ऑर्डर अशा लटकल्या तर रोजचे दहा हजार लटकले. दहा जणांचे संतापलेले फोन. त्यातले दोघं कायमचे गेले. दुकानातला एक मुलगा दिवसभर बँकेचं स्टेटमेंट आणि ऑर्डरची यादी जुळवत बसला. तू ते सगळं एका रात्रीत थांबवलंस आणि बिल शून्य रुपयांचं केलंस. त्याच व्यापाऱ्यांकडून ‘आमच्याविषयी’ हे पान लिहिण्याचे मात्र तू पैसे घेतलेस, कारण ते साइटच्या पानांत मोजलं जात होतं.

तुझ्या दराचं दुखणं इथे आहे. तू पानं विकतेस. ज्या कामावर समोरच्याचा गल्ला अवलंबून आहे, ते काम तू उपकार म्हणून देऊन टाकतेस. पानांचा भाव यापुढे चढणार नाही, उतरेलच. गल्ल्याशी जोडलेल्या कामाला मात्र योग्य पैसे द्यायला व्यापारी माणूस कधी नाखूश नसतो. मी या धंद्यात काम करणारी म्हणूनही बसले आहे आणि काम देणारी म्हणूनही, आणि हे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी तुझा आजचा खरा दर काढू. दिवसाचे नऊ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे सव्वादोनशे तास. हातात सत्तावीस हजार धरले तर तासाला १२० रुपये. त्यातून वीज, इंटरनेट, होस्टिंग अजून वजा व्हायचंय. एजन्सीचे ३५० तुला कमी वाटत असतील, पण तुझ्या स्वतःच्या क्लायंटपेक्षा तीच तुला जास्त देते आहे.

आता हवा असलेला दर. वर्षाचे ५२ आठवडे. गणपती, दिवाळी, आजारपण, घरातलं लग्नकार्य यांचे चार आठवडे सोड. राहिले ४८. आठवड्यात बिल लावता येईल असं काम पंचवीस तासांहून जास्त होत नाही. बाकीचा वेळ फोन, कोटेशन, हिशेब, शिकणं यात जातो आणि तो जायलाच हवा. म्हणजे वर्षाला १,२०० तास. घरखर्च आणि तुझा स्वतःचा खर्च महिना चाळीस हजार, वर्षाचे ४ लाख ८० हजार. आरोग्य विमा, बचत, म्हातारपणाची तरतूद मिळून दीड लाख. लॅपटॉपची झीज, इंटरनेट, इन्व्हर्टर, प्लगइनची लायसन्स, सीए यांचे नव्वद हजार. बेरीज ७ लाख २० हजार. भागिले १,२०० म्हणजे तासाला ६०० रुपये. हा दर म्हणजे डोकं पाण्यावर ठेवण्यापुरता. काम नसलेला एखादा महिना आणि बुडालेलं एखादं बिल त्यात धरलं तर ७५० ते ८००. आकडे तुझ्या घराचे घाल आणि स्वतः करून बघ. आईबाबांच्या औषधांचा खर्च मी वेगळा धरलेला नाही, तो तुलाच माहीत.

दर किती वाढवू, याचं माझं उत्तर ७५० आहे. तो क्लायंटला तासांत सांगायचा नाही. तो तुझ्या वहीतला आकडा. क्लायंटला कामाची एकूण किंमत सांगायची, आणि ती सांगण्याआधी तास मोजलेले असायचे. त्यासाठी आजपासून महिनाभर प्रत्येक कामाची वेळ लिही, व्हॉट्सअॅपवरची उत्तरंसुद्धा. पाच पानांच्या साइटला तुला तीन आठवडे लागत असतील तर सत्तर तास झाले. त्यातले निम्मे तास फोटोंची वाट बघण्यात, मजकूर स्वतः टाइप करण्यात आणि “लोगो जरा मोठा करा, नाही, पहिला होता तोच बरा होता” यात गेलेले असतील. काम नीट बांधून घेतलंस तर तीच साइट पस्तीस-चाळीस तासांत होते. किंमत २८ हजार.

बारावरून अठ्ठावीस ऐकून पोटातला गोळा आणखी मोठा झाला असेल. एकदम तिथे उडी मारू नकोस. पुढच्या नव्या क्लायंटला अठरा सांग. दोघातिघांनी हो म्हटलं की बावीस, मग अठ्ठावीस. नव्या माणसाला तुझा जुना दर माहीत नसतो. “आमच्या साडूंना तर बारात करून दिलीत” असं कुणी म्हणालंच, तर “तो तेव्हाचा दर होता, आता हा आहे” एवढं सांगून गप्प बसायचं. त्यापुढे कारणं देत बसलीस की घासाघीस सुरू झालीच म्हणून समज.

कोटेशन मात्र उद्यापासून बदल. आज तू बहुधा असं लिहितेस: “वेबसाइट डिझाइन व डेव्हलपमेंट, ५ पाने, रु. १२,०००. डोमेन-होस्टिंग १ वर्ष मोफत.” हे वाचून माणूस पानाला चोवीसशे पडले असा भागाकार करणार आणि दोन पानं कमी करून भाव पाडणार. तासगावसारख्या कामाचं कोटेशन मी असं लिहीन:

“तुमचे सध्याचे ऑर्डर फोनवर व व्हॉट्सअॅपवर येतात. दिवाळीच्या पंधरा दिवसांत ते लिहून घेणे, पैसे आले का बघणे आणि पत्ते कुरिअरला देणे यात दोन माणसे अडकतात. हे काम साइटवर आपोआप व्हावे यासाठी पुढीलप्रमाणे काम करू:

१. ४० पर्यंत उत्पादनांचे दुकान, वजनाप्रमाणे व पिनकोडप्रमाणे कुरिअरचा दर.
२. यूपीआय, कार्ड व नेटबँकिंग. पैसे कटले आणि ऑर्डर नोंदली गेली नाही असे होऊ नये यासाठी गेटवेकडून थेट निरोपाची सोय व त्याची चाचणी.
३. रोज सकाळी कुरिअरसाठी पत्त्यांची तयार यादी.
४. दुकानातील एका व्यक्तीस दोन वेळा शिकवणे.

फोटो, मजकूर व अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) क्रमांक तुम्ही द्यायचा. तो मिळाल्यापासून सहा आठवडे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात आहेत, त्यापुढील बदल स्वतंत्र दराने. किंमत रु. ७५,०००. निम्मे कामाच्या आधी, तीस टक्के डेमो दाखवल्यावर, वीस टक्के साइट सुरू करण्याआधी. डोमेन व होस्टिंग तुमच्या नावाने, त्याचा खर्च वेगळा. हे कोटेशन १५ दिवसांसाठी.”

यात एकही अवघड शब्द नाही. पहिली दोन वाक्यं त्यांच्या दुकानाविषयी आहेत, आणि ती लिहायची तर आधी जाऊन विचारावं लागतं. दिवाळीत किती बॉक्स जातात? फोन कोण घेतं? कुरिअर परत किती येतात? दुकानात बसून, चहा घेत, अर्धा तास हे विचारलंस की किंमत सांगताना आवाज आपोआप स्थिर राहतो. शेवटचे वीस टक्के साइट सुरू होण्याआधी, हे कलम कुणाच्याही आग्रहाने सोडू नकोस. साइट सुरू झाल्यावरच्या बिलाला सांगलीत काय आणि पुण्यात काय, कुणी घाई करत नाही.

एक गोष्ट कायद्याची. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे कंत्राटावर लिहून दिलेल्या कोडची पहिली मालकी लिहिणाऱ्याची असते, आणि ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी द्यावी लागते. म्हणून करारात एक ओळ घाल: पूर्ण रक्कम मिळाल्यावर कोडचे हक्क क्लायंटकडे जातील. सरळ माणसाला ही ओळ खटकत नाही.

आता क्लासवाले सर. “घरचंच काम आहे” हे आपल्याकडे प्रेमानेच म्हणतात, त्याचा राग धरू नकोस. पण त्यावर उत्तर ठरलेलं हवं: “सर, दर कमी करता येणार नाही, काम कमी करून देते. गॅलरी आणि निकालाचं पान आत्ता नको, पुढच्या वर्षी घेऊ. मग बावीसात बसेल.” रक्कम खाली आली, तुझ्या तासाचा भाव जागच्या जागी राहिला. आणि जिथे खरंच सवलत द्यावीशी वाटते, म्हणजे मामेभाऊ असेल, गावातली शाळा असेल, तिथे बिलात २८,००० लिही आणि खाली ‘सवलत १०,०००’ असं दाखव. नाहीतर अठरा हाच तुझा भाव म्हणून गावभर होतो.

पुतण्याचं म्हणशील तर तो खरं बोलतोय. पाच पानांची देखणी साइट आता एआयच्या मदतीने दुपारभरात उभी राहते, आणि हे काम दिवसेंदिवस स्वस्त होणार. त्याच्याशी भावात स्पर्धा करू नकोस. दिवाळीच्या आधी चार दिवस ऑर्डर लटकल्या तर पुतण्या रात्री उठून सर्व्हरच्या नोंदी (लॉग) वाचणार आहे का? वेबहुक दोनदा आला तर एकाच ऑर्डरचे दोन बॉक्स जाऊ नयेत याची काळजी घेणार आहे का? तू हे करतेस. त्या टोकाला सरक. एआय तूही वापर, तुझे तास कमी होतील, आणि वाचलेल्या तासांचे पैसे तुझेच.

सरकायचं कुठे, हेही सांगते. तुझ्या जिल्ह्यातच बघ ना. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हे दोन्ही माल महिनोन्महिने टिकतात, कुरिअरने देशभर जातात. घाट उतरलं की हापूसवाले, त्यांचा सगळा धंदा उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत. या सगळ्यांच्या अडचणी सारख्याच. वजनावरचा कुरिअर दर, पिनकोड, परत येणारी कॅश ऑन डिलिव्हरी, हंगामात एकदम वाढणारी गर्दी, लटकलेली पेमेंट. तू एकदा तासगावचं कोडं सोडवलंस, म्हणजे अशा बऱ्याच दुकानांचं सोडवलंस. ‘वेबसाइट करून मिळेल’ हे काढून टाक. ‘शेतमाल आणि खाद्यपदार्थांची ऑनलाइन विक्री’ एवढंच तुझं काम आहे असं सांगायला लाग. वर्षभरात त्या वर्तुळात तुझं नाव होईल, कारण व्यापारी एकमेकांना नंबर देतात आणि देताना “ही मुलगी आपल्या धंद्यातलं जाणते” म्हणतात. रिअॅक्ट पुढे नेण्याआधी मोबाइलवर साइट जलद उघडणं, पेमेंट, बॅकअप आणि सुरक्षा यांत हात पक्का कर. मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावं असा गूगलचा निकष आहे. तुझ्या दहा साइट तपासून बघ, किती बसतात. जिथे बसत नाहीत, ते तुझं पुढचं काम.

वेळेचंही भान ठेव. दिवाळीचं काम श्रावणात ठरतं, आंब्याचं काम दिवाळीनंतर. ऐन हंगामात व्यापाऱ्याला तुझ्याशी बोलायला फुरसत नसते, आणि तेव्हा घेतलेलं काम रात्री जागूनच करावं लागतं. घाईच्या कामाला दीडपट दर, हे कोटेशनच्या खाली छापूनच ठेव.

जुने वीस क्लायंट. इथे मी तुला जरा कडक बोलणार आहे. त्यांचं डोमेन तुझ्या खात्यावर ठेवून त्यांना बांधून ठेवणं योग्य नाही. डोमेन ही त्यांच्या दुकानाची पाटी आहे, ती त्यांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइलवर असायला हवी. उद्या तुझं खातं हॅक झालं किंवा तू चार दिवस दवाखान्यात असताना नूतनीकरण राहिलं, तर वीस दुकानं एकदम बंद. पतसंस्था तर सभासदांना उत्तर देणारी संस्था आहे. तिचं आधी करून दे. आणि अशा भीतीने टिकलेला क्लायंट दर वाढवताना तुझ्या काहीच कामाचा नसतो, कारण मनातून तुलाच खात्री नसते की तो तुझ्या कामासाठी थांबलाय.

डोमेन त्यांच्या नावावर करून देतानाच एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, बोल. हा शब्द व्यापाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. लिफ्टची, एसीची, पाण्याच्या मशिनची एएमसी ते दरवर्षी भरतात. साध्या साइटला महिना हजार, दुकानाच्या साइटला महिना अडीच-तीन हजार, वर्षाचे पैसे आगाऊ. त्यात काय मिळेल ते लिहून दे: बॅकअप, वर्डप्रेस आणि प्लगइनचे अपडेट, पेमेंटची दर महिन्याला एक खरी चाचणी, आणि महिन्याला दोन तास किरकोळ बदल. न वापरलेले तास पुढे जाणार नाहीत. मेसेज असा जाऊ दे:

“नमस्कार काका. १ एप्रिलपासून मी सर्व साइटची देखभाल वार्षिक कराराने करणार आहे. तुमचे डोमेन या महिन्यात तुमच्या नावावर करून देते, त्याचे काही पैसे नाहीत. सोबत कराराची माहिती जोडली आहे. करार घ्यायचा नसेल तरी हरकत नाही, तेव्हा लागेल ते काम तासाच्या दराने करून देईन. या आठवड्यात कधी फोन करू?”

वीसपैकी काही जण घेणार नाहीत. जाऊ देत. आठ जणांनी घेतला, त्यातल्या तिघांची दुकानं असली, तरी महिना साडेबारा ते चौदा हजार काम सुरू होण्याआधीच ठरलेले. नव्या क्लायंटसमोर बसताना याने जो धीर येतो तो कुठल्याही पुस्तकातून येत नाही. “जरा एवढं बदलून द्या” असा रात्री दहाचा मेसेज आला तरी उत्तर सोपं होतं: “नोंद घेतली, उद्या करते, कराराच्या तासांत बसेल.”

एजन्सीचं वेगळं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, केली आहेस का? नसेल तर या आठवड्यात कर. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नकोस. एमएसएमई विकास अधिनियम २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होतं. शिवाय एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा दाखवता येत नाही. त्यामुळे त्यांचा सीएच त्यांना तगादा लावतो. बिलावर उद्यम क्रमांक छाप आणि मुदत लिही. तक्रार करायची वेळ आलीच तर सरकारचं तक्रार पोर्टल आहे, पण बहुतेकदा बिलावरच्या त्या दोन ओळी पुरतात. एजन्सी टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापत असेल तर तो तुझ्या पॅनवर जमा झालेला दिसतो का, हे आयकराच्या पोर्टलवर तपास. दर मात्र ३५० वरून ५०० वर ने, दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन. घाऊक आणि सलग काम आहे म्हणून तिथे ७५० चा हट्ट नको. थकलेलं बिल चुकतं होईपर्यंत नवं काम हातात घेऊ नकोस.

कराचं थोडक्यात. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुला सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. दर ठरवताना मात्र तो दिवस येणार हे धरून चाल, कारण मग तुझ्या बिलावर १८ टक्के चढतील आणि डॉक्टर किंवा जीएसटी नोंदणी नसलेल्या क्लासवाल्यांना त्याची वजावट सहसा मिळत नाही. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे आकडे बदललेत, म्हणून व्यावसायिकांना निम्मी जमा उत्पन्न धरून विवरणपत्र भरण्याची जी सवलत आहे ती तुझ्या कामाला कशी लागू होते, हे सीएला विचारूनच ठरव.

अपवर्कवर आत्ता जाऊ नकोस असं माझं मत आहे. तिथे कमिशन कटतं, अर्ज करायलाही पैसे लागतात आणि सुरुवातीला जगभरातल्या लोकांशी भावावर झटावं लागतं. तुझी अडचणच भाव सांगण्याची आहे, ती तिथे वाढेल. तासगावसारखी तीन कामं झाली आणि प्रत्येकाचं नीट वर्णन लिहिलेलं असलं की मग जा. तेव्हा तू ‘वर्डप्रेस डेव्हलपर’ म्हणून जाणार नाहीस, ‘हंगामी खाद्यपदार्थांच्या दुकानांची पेमेंट आणि ऑर्डर सांभाळणारी’ म्हणून जाशील. ते वर्णन आत्ताच लिहायला घे. अडचण काय होती, काय केलं, आधी किती ऑर्डर लटकत आणि नंतर किती. आकडे त्या व्यापाऱ्यांकडून मागून घे, छापायची परवानगीही घे.

बाबांचं. त्यांच्या काळजीला मान दे. त्यांना तुझी कामाची आवड दिसते, पण दर एक तारखेला घरात येणारा आकडा दिसत नाही, आणि माणूस तोच शोधत असतो. धंद्याचं खातं वेगळं काढ आणि त्यातून दर एक तारखेला घरात ठरावीक रक्कम दे, सुरुवातीला वीस हजार असली तरी चालेल. आरोग्य विमा ताबडतोब घे, तो नोकरीबरोबर गेला असणार. सहा महिने तुझे हिशेब त्यांच्यासमोर उघडे ठेव. त्यानंतरही तुला बँकेची परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर दे, त्यात कमीपणा काही नाही. पण १२० रुपये तासाने दमून जाऊन हा निर्णय घेऊ नकोस. त्या दराने कुणीही दमेल.

मॅकबुकसाठी कर्ज काढू नकोस. वर्डप्रेस आणि पीएचपीच्या कामाला तो लागत नाही. आहे त्या लॅपटॉपमध्ये रॅम १६ जीबी करता येते का बघ, एसएसडी नसेल तर बसवून घे. उरलेल्या पैशांत चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं एक जादा इंटरनेट कनेक्शन घे, कारण येत्या दिवाळीत तासगावहून फोन येईल तेव्हा लाइट गेलेली असली तरी तुला ऑनलाइन असावं लागेल. आणि त्या वेळेपर्यंत त्यांच्याबरोबर एएमसीचा करार झालेला असू दे. त्या कराराचं मात्र मेसेजवर नको, तासगावला जाऊन समोर बसून बोल.

तुझी,
ताई